उत्तरेचा बाण

मला देवाचं वावडं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक पहिल्याच परिच्छेदात मला नास्तिक ठरवतील आणि पान उलटून फराळाच्या पाककृतींकडे वळतील. माझ्या घरी देव आहेत, रोज सकाळी त्यांना फूल मिळतं. ते कुठल्या दिशेला तोंड करून बसलेत असं विचाराल तर मात्र मी सांगणार नाही. माहीत नाही म्हणून नव्हे, तीस वर्षं दिशांचीच चाकरी केलेली बाई आहे मी. सांगणार नाही, कारण तुम्हाला काय करायचंय?

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला की सुनंदाताई, तुमच्या कामाबद्दल काहीतरी हलकंफुलकं लिहा. हलकंफुलकं लिहिणारे दुसरे पुष्कळ आहेत. मी जे आठवतं ते लिहिते.

मी ड्राफ्ट्समन होते. ड्राफ्ट्सवुमन असं दिल्लीत कुणी म्हणत नसे. 'ड्राफ्ट्समन मॅडम' म्हणत आणि त्यात कुणाला काही चमत्कारिक वाटत नसे. आर्किटेक्ट पातळ कागदावर चार रेघोट्या ओढतो, "ऐसा कुछ" म्हणतो आणि मीटिंगला निघून जातो. त्या रेघोट्यांची इमारत व्हायची तर भिंत किती जाड, दार कुठल्या बाजूला उघडणार, संडासाचा पाइप कुठून खाली उतरणार, हे सगळं कुणीतरी बसून मापात काढावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईने, चुकलं की ब्लेडने हलक्या हाताने खरवडून. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा चाळिशी उलटली होती, पण तोही शिकले. शिकवणारा पोरगा म्हणाला होता, आंटीजी से नहीं होगा. झालं.

लग्न करून दिल्लीत आले ती सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, कारण नवरा केंद्र सरकारात. तिथे आम्ही सतरा वर्षं राहिलो. सगळी क्वार्टरं सारखी, फक्त रांगा वेगवेगळ्या तोंडाच्या. ज्याच्या नावावर जे निघेल त्यात तो सामान टाकायचा. देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं एक फडताळ, कुणाचं गॅसच्या वर, कुणाचं फ्रिजशेजारी. कुणाची मुलं इंजिनियरिंगला गेली, कुणाची बारावीला आपटली, कुणाचा नवरा अकाली गेला. रडलो, एकमेकांकडे डबे पोचवले, पण कुणी भिंतीला दोष दिला नाही. भिंत सरकारची होती ना.

मग नव्वदीचं दशक आलं आणि दिल्लीतली मंडळी घरं बांधायला लागली. सरकारी नोकरांच्या सहकारी सोसायट्यांना दिल्लीच्या कडेला, द्वारकेला जमिनी मिळाल्या. तेव्हा तिथे धूळ, बाभळी आणि डोक्यावरून जाणारी विमानं एवढंच होतं. माणसांनी भविष्यनिर्वाह निधी उपसला, बायकांनी बांगड्या मोडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची भिंत घेतली. आणि बघता बघता माझ्या टेबलासमोर येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बदलला. आधी विचारायचे, कपाटाला जागा आहे का? आता विचारायला लागले, मॅडम, ईशान्य कुठे आहे?

वास्तूचं शास्त्र जुनं आहे, असेल. पण घराघरात ते आलं ते केबल टीव्हीबरोबर आणि गृहकर्जाबरोबर, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ईशान्येला देव, आग्नेयेला चूल, नैऋत्येला घरच्या कर्त्याची खोली. आणि ईशान्येला संडास आला तर सत्यानाश. फ्लॅट काढताना आम्ही एकावर एक सात मजले ठेवतो. संडासाखाली संडास, चुलीखाली चूल, कारण पाइप एकच असतो. त्यामुळे एकाची ईशान्य सुधारायची तर सहाजणांचं पाणी तोडावं लागतं. हे मी किती वेळा सांगितलं असेल, घसा दुखायचा.

गिऱ्हाइकंही एकेक नग. फरीदाबादला नट-बोल्टचा कारखाना असलेले एक शेठजी होते. त्यांनी कारखान्याचं फाटक माझ्याकडून तीनदा काढून घेतलं. पूर्वेला, मग उत्तरेला, मग परत पूर्वेला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, शेठजी, पहिल्यांदा पूर्वेलाच होतं की. ते शांतपणे म्हणाले, तेव्हा पूर्वेला आपोआप होतं, आता विचार करून आहे. मी काढून दिलं.

जोशीआजी नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई होत्या, सोवळ्याच्या, एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणाऱ्या. मुलाने त्यांच्यासाठी वास्तुतज्ज्ञ आणला तर आजींनी त्याला लाडू खायला घातला आणि म्हणाल्या, "माझा देव सगळीकडे आहे म्हणतात. तुमचा एकाच कोपऱ्यात मावतो का हो?" लाडू त्या बिचाऱ्याच्या घशातच अडकला. मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यांत धार्मिक बाई ही, आणि तिला दिशेची दमडीइतकी पर्वा नव्हती.

आणि भालेरावसाहेब. विदर्भातले, बौद्ध, केंद्रातल्या एका मंत्रालयात उपसचिव. त्यांच्या आजोबांनी सगळ्या वस्तीबरोबर एका दिवसात घरातले देव बाहेर काढले होते. मला वाटलं, यांच्याकडे दिशेचा प्रश्न येणार नाही, आणि आलाही नाही. मी सहज म्हटलं, एकदा सोडलं की सुटतं ना सगळं. ते म्हणाले, "छे हो. आजी मरेपर्यंत रिकाम्या कोनाड्याकडे बघून हात जोडायची. आजोबा तिला काही बोलायचे नाहीत." सोडणं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा थोडंसं कळलं. तोपर्यंत मी हसण्यावारी नेत होते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

द्वारकेतल्या ज्या सोसायटीबद्दल सांगणार आहे तिचं नाव लिहीत नाही, लोक अजून राहतात तिथे. नकाशे आमच्याच ऑफिसचे. बरेच सभासद सरोजिनी नगरमधले, माझ्या ओळखीचे. त्यातले एक काळेकाका, निवृत्त सेक्शन ऑफिसर, आमच्याच रांगेतले. काळेकाकू, मुलगा संदीप आणि नवी सून वैशाली. संदीप गुडगावला एका परदेशी कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला. पगार बापाच्या निवृत्तीवेळच्या पगाराच्या तिप्पट, पण उद्या कंपनी कुणाला काढेल याचा भरवसा नाही. वैशाली लातूरची, बी.एस्सी., हसतमुख, कामाला वाघ.

इमारत तयार झाली की सोसायटीत फ्लॅटची सोडत निघते. कुणाला कितवा मजला, कुठला कोपरा, ते चिठ्ठीवर. स्टीलच्या पातेल्यात चिठ्ठ्या टाकतात आणि प्रत्येक घर आपल्यातला भाग्याचा हात पुढे करतं. कुणी लहान मुलीला आणतं, कुणी आजीला. काळेकाकूंनी सुनेला पुढे केलं, म्हणाल्या, लक्ष्मीचा हात आहे, नवा आहे. वैशालीने चिठ्ठी काढली तर तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट. दोन बाल्कन्या, समोर बाग. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी भर मंडपात तिची दृष्ट काढली. मी तिथेच होते, पेढा खाल्ला.

राहायला गेल्यावर दोन वर्षांत वैशालीचे दोन गर्भ गेले. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या.

हे मला काकांनी फोनवर सांगितलं, आणि म्हणाले, जरा घरी येऊन जा, संडास हलवता येतो का ते बघायचंय. मी समजले. रविवारी सकाळी गेले तर दिवाणखान्यात वास्तूवाले शास्त्रीजी बसलेले. संदीपने आणलेले, टीव्हीवर पाहून. याचं मला नवल वाटलं. ज्या काकांनी क्वार्टरमध्ये जन्मभर ज्योतिषाची टिंगल केली त्यांचा कॉम्प्युटर शिकलेला मुलगा हा. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, नवल कसलं? बापाला महिन्याच्या एक तारखेची खात्री होती, मुलाला नव्हती.

टेबलावर सोसायटीची पुस्तिका उघडी होती. ती आम्हीच करून दिली होती, प्रत्येक फ्लॅटचा नकाशा असलेली, सभासदांना भेट म्हणून. नकाशावर शास्त्रीजींनी लाल पेन्सिलीने आठ दिशा आखल्या होत्या. उजवीकडचा वरचा कोपरा ईशान्य. त्या कोपऱ्यात संडास. त्यावर लाल फुली.

मी माझं पाइपाचं पुराण सांगितलं. हलवता येणार नाही, वरचे चार आणि खालचे दोन तुमच्या दारात येऊन भांडतील. तेव्हा शास्त्रीजी म्हणाले, मग दुसरा उपाय. ज्या हाताने हे घर चिठ्ठीतून काढलं तो हात सव्वा वर्ष या घराबाहेर राहिला पाहिजे. काकू खाली बघत होत्या. वैशाली दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

म्हणजे तिला लातूरला धाडायचं. सव्वा वर्ष म्हणायचं, आणि सव्वा वर्षाने काय होतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. शिवाय औषधपाणी बंद. सदोष घरात औषध लागू पडत नाही असं काकूंनी मनाशी ठरवलं होतं. डॉक्टरने सांगितलेल्या तपासण्या कागदावरच राहिल्या होत्या.

आणि तेव्हा माझं लक्ष त्या होकायंत्राकडे गेलं. पुस्तिका घराच्या भिंतींशी जुळवून मांडली होती, शास्त्रीजींचं पितळी होकायंत्र तिच्यावरच ठेवलेलं होतं, आणि त्याचा काटा नकाशावरच्या बाणाशी जुळत नव्हता. बाण सरळ वर. काटा चांगला तिरका, जवळजवळ संडासाच्या कोपऱ्याकडे. मी विचारलं, हे असं कसं? शास्त्रीजी हसले. "बिल्डिंग में लोहा बहुत है, बहनजी. काँटा भटकता है. छपा हुआ तो गलत नहीं होगा."

छापलेला तो बाण माझा होता.

जरा समजावून सांगते. द्वारकेतला तो प्लॉट तिरका आहे, उत्तरेला चाळीसेक अंश कललेला. महापालिकेला द्यायच्या नकाशावर आम्ही इमारत कागदाच्या कडेला समांतर काढतो, दिसायला नीटस म्हणून, आणि उत्तरेचा बाण तिरका दाखवतो. ते नकाशे बरोबर होते. पुस्तिकेसाठी मात्र फ्लॅट सुटे करून पुन्हा ट्रेस करायचे होते, घाईत. त्या काळी घासून उमटवायच्या चिन्हांचे तयार कागद मिळायचे. वरून दिसणारी झाडं, मोटारी, माणसं, आणि बाण. मी झाडं लावली, मोटारी लावल्या आणि बाण कागदाला सरळ लावून वरून घासला. बाण म्हणजे शोभा, अशी आमची सवय झाली होती. तपासला कुणीच नाही. आणि दोन वर्षं ऐंशी घरं माझ्या शोभेच्या बाणाप्रमाणे पलंग फिरवत होती.

सोमवारी ऑफिसात जाऊन मूळ नकाशे काढून पाहिले. शंका राहिली नाही. आमचे साहेब पंजाबी, दिलदार माणूस, माझ्या मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी स्वतः गाडी घेऊन धावलेले. त्यांना सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि म्हणाले, "सुनंदाजी, श्रद्धा का मामला है. हम बीच में क्यों पड़ें? आज तीर गलत कहोगी, कल लोग कहेंगे कॉलम भी गलत है." शेजारच्याच दोन सोसायट्यांचं काम आमच्याकडे येऊ घातलं होतं. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांच्या जागी.

मी गप्प बसले, चार महिने.

मी काय स्वतःला समजावलं असेल? की हा लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, आपण आदर ठेवावा. छान वाटतं असं म्हणायला. खरं म्हणजे नोकरी जाईल म्हणून माझी फाटली होती. आपल्याकडे पुष्कळांच्या श्रद्धेचा आदर आम्ही असाच करतो, आणि पुष्कळांची श्रद्धाही अशीच असते. काहीतरी जाईल म्हणून धरलेली. शास्त्रीजींना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, त्या चार महिन्यांत मी त्यांच्याच पंगतीत होते.

मध्ये एकदा वैशाली मला सरोजिनी नगरच्या बाजारात भेटली. वाळली होती. म्हणाली, मावशी, लातूरला जायची तारीख काढली आहे. मी विचारलं, तुला काय वाटतं गं? ती म्हणाली, "पहिल्या वेळी मला वाटलं, नवस राहिला असेल. दुसऱ्या वेळी वाटलं, खरंच माझ्या हातात काहीतरी असेल. रात्री हात बघत बसते." मी तिला भेळ खाऊ घातली. भेळ! तोंडाशी आलेलं सत्य गिळून मी तिला भेळ खाऊ घातली, आणि घरी जाऊन देवापुढे बसले तर देवाकडे बघवेना. माझा देवावरचा विश्वास कधी डळमळला असं विचाराल तर तेव्हाही नाही. स्वतःवरचा गेला. आणि मग राग आला, असा की तीन रात्री झोप नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. विषय: ईशान्य दोष. चार कुटुंबांना भिंती फोडायच्या होत्या आणि आर्किटेक्टने येऊन खुलासा करावा अशी मागणी होती. साहेबांनी मलाच धाडलं, आपली माणसं आहेत, गोड बोलून या म्हणून. बागेत शामियाना, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे समोसे. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, माइक सोडेनात. शेवटी माझं नाव पुकारलं.

मी मूळ नकाशाची गुंडाळी उलगडली, दोघांना धरायला लावली आणि हिंदीत सांगितलं की पुस्तिकेतला उत्तरेचा बाण चुकीचा आहे. तो मी लावला. ही माझी चूक, ऑफिसची नाही, आणि चार महिने माहीत असून मी बोलले नाही हीसुद्धा माझीच. खरी उत्तर ही इकडे. ज्या कोपऱ्याला तुम्ही ईशान्य म्हणता तो ईशान्य नाही. ज्यांनी त्या कोपऱ्यामुळे काही सोसलं असं ठरवलं, त्यांनी दुसरं कारण शोधावं, आणि शक्यतो डॉक्टरकडे शोधावं.

मला वाटलं होतं, लोकांचे डोळे उघडतील. किती भाबडी असते बघा हुशार बाई. दोन वर्षं चुकीच्या कोपऱ्यात दिवे लावले, आणि जे व्हायचं ते होतच राहिलं, कुणाला बढती मिळाली, कुणाला मधुमेह झाला. मग कोपऱ्याचा काय संबंध, असं शंभर माणसांतला एक तरी म्हणेल असं वाटलं होतं. एकही म्हणाला नाही. मागून एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, मला शंका होतीच, सूर्य जरा बाजूने येतो. दुसऱ्या बाई म्हणाल्या, तरीच आमच्या पूजेचं फळ मिळेना. पाच मिनिटांत सगळ्यांनी पुस्तिका फिरवून नव्या ईशान्येचा हिशेब मांडला. खुद्द अध्यक्षांचा संडास तिथे निघाला आणि ते मटकन खाली बसले. मला हसू फुटलं, ते मी दाबलं नाही. त्याबद्दल अजूनही लोक मला उद्धट म्हणतात, म्हणोत.

सोमवारी साहेबांनी माझा हिशेब करून टाकला. वाईट वाटलं त्यांना, डोळ्यांत पाणी होतं. पुढे मी घरूनच नकाशे काढून देत राहिले, पंधरा वर्षं. उपाशी नाही मेले. पण ते पुढचं.

मंगळवारी मी काळ्यांकडे गेले, माफी मागायला. दाराशी निळी बॅग भरून ठेवलेली. म्हटलं, अजून? काकू म्हणाल्या, शास्त्रीजींनी नव्याने पाहिलं. आता संडास उत्तरेला येतो. उत्तर कुबेराची, तेही बरं नाही म्हणतात. सव्वा वर्ष तेच राहील. काका खिडकीतून बाहेर बघत होते. संदीप सोफ्यावर, कंपनीची गाडी यायची वाट बघत.

वैशाली आतून आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, मावशी. बाजारात भेटलात तेव्हाही माहीत होतं." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग तुम्ही आता बसा आणि ऐका." मी बसले. माफी मागायची राहूनच गेली, तिने मागू दिली नाही आणि ते योग्यच झालं.

मग ती सासूसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "आई, चिठ्ठी माझ्या हाताने निघाली तेव्हा तुम्ही माझी दृष्ट काढलीत. त्याच हाताला आता घराबाहेर काढताय. बाण फिरला तरी मीच दोषी. उद्या आणखी फिरला तरी मीच. मी जाणार नाही. ज्याला या घराची भीती वाटते त्याने जावं."

संदीप उठून उभा राहिला. खाली गाडीचा हॉर्न वाजला, तो गेला नाही. एवढंच त्याच्या खात्यावर मी जमा करते.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. क्वार्टरमध्ये माझ्या बाळंतपणात ज्या बाईने मला महिनाभर डिंकाचे लाडू पुरवले ती बाई. म्हणाल्या, "सुनंदा, तू नकाशे काढतेस. तू सांग. खरंच काही नसतं का गं त्या कोपऱ्यात?"

नोकरीच्या सगळ्या वर्षांत या प्रश्नाला माझं एक ठरलेलं उत्तर होतं, ज्याची त्याची श्रद्धा. गिऱ्हाईक दुखवायचं नसतं.

मी म्हटलं, "नसतं, काकू. विटा असतात. बाण मी नखाने घासून लावला होता."

काकू खुर्चीत बसल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मग माझी नातवंडं का गेली?"

याचं उत्तर शास्त्रीजींकडे होतं, म्हणून तर त्यांना घरात घेतलं होतं. माणसं कोपऱ्यावर विश्वास का ठेवतात हे इतकी वर्षं मी टेबलाच्या पलीकडून विचारत आले, टिंगल करत आले. त्या दिवशी काकूंच्या तोंडून ते ऐकलं आणि टिंगल करायची माझी हिंमत झाली नाही. काकाही रडत होते, खिडकीकडे तोंड करून. दोन वर्षांत त्या घरात त्या बाळांसाठी कुणी उघड रडलंच नव्हतं, सगळा वेळ कोपरा दुरुस्त करण्यात गेला होता.

वैशाली खाली बसली, काकूंच्या गुडघ्याशी.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, तपासल्यावर कदाचित कळेल, कदाचित नाही कळणार. पण जे झालं ते मी नाही केलं."

वैशालीने काकूंच्या होकाराची वाट पाहिली नाही. ती उठली, दाराशी गेली, बॅग ओढत आपल्या खोलीत नेली, आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी तिची चेन उघडली.